लेस्बॉसला जाणार असाल तर उत्तर किनारा चुकवू नका

ग्रीसला जाणारे आपले लोक बहुधा सँटोरिनी गाठतात. आम्ही लेस्बॉस धरलं. पिरेयस बंदरातून रात्रीच्या बोटीने मितिलिनीला उतरलो. बेट मोठं आहे आणि बस मोजक्याच, म्हणून गाडी भाड्याने घ्या. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना निघण्याआधीच काढून ठेवा.

उत्तरेला स्काला सिकामिनियास हे कोळ्यांचं गाव. धक्क्याच्या टोकाला खडकावर पांढरं इवलंसं चर्च, कडेला पिवळट जाळ्यांचे ढीग. समोर तुर्कस्तान इतका जवळ की डोंगरांच्या घड्या मोजाव्यात. 2015 मध्ये तिकडून या बेटावर आश्रय शोधणारी सुमारे 5 लाख माणसं उतरली, बहुतेक रबरी बोटींतून. बेटाची वस्ती लाखाच्याही आत. याच गावातल्या कोळ्यांनी कितीतरी जणांना पाण्यातून ओढून काढलं. गोट्यांत अडकलेली नारिंगी कापडाची एक चिंधी दिसली, उन्हाने विटलेली. ती उचलायला हात धजावला नाही.

युरोपचा डब्लिन नियम साधारण असा: आश्रयार्थी ज्या देशात आधी पोचला, त्यानेच त्याचा अर्ज तपासायचा. म्हणजे ओझं नकाशा ठरवणार! 2015 मध्येच इटली आणि ग्रीसमधल्या 1,60,000 जणांना इतर देशांत वाटून घ्यायचं ठरलं. प्रत्यक्षात गेले 35,000 च्या आसपास. याच बेटावरच्या मोरियाच्या निर्वासित छावणीची सोय 3,000 जणांची. सप्टेंबर 2020 मध्ये ती जळाली तेव्हा सुमारे 12,000 माणसं रस्त्यावर आली. युरोपीय संघाच्या 2024 च्या नव्या करारात देशांना पर्याय आहे: माणसं घ्या, नाहीतर माणशी 20,000 युरो भरा, किंवा इतर मदत द्या. मला हे पटत नाही. पैसे भरून श्रीमंत देश मोकळे होतील, छावणी मात्र बेटावरच राहील.

सध्याची छावणी माव्रोवूनीला, समुद्रालगत आहे. परवानगीशिवाय आत जाता येत नाही. कुंपणापाशी थांबून फोटो काढू नका, आतली माणसं प्रेक्षणीय स्थळ नाहीत. त्यापेक्षा मितिलिनीत 1922 मध्ये तुर्कस्तानातून पळून आलेल्या ग्रीक निर्वासितांचं स्मारक पाहा: मुलांना कवटाळलेली आई. इथल्या अनेकांचे आजी-आजोबा त्याच पाण्यातून आले होते.

पुढे तुर्कस्तानात आयवालिकला बोट जाते. परत ग्रीसमध्ये यायचं असेल तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा हवा, आणि चालू शेंगेन व्हिसा असला की तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो. आम्ही पासपोर्टवर शिक्का मारून घेतला, वरच्या डेकवर बसलो आणि दीडेक तासात पलीकडे उतरलो.