रायमुनिया काढायचे दिवस

चिखलदऱ्याचं पठार, श्रावण

पावसाने उघडीप दिलीय. जमीन ओली, पण पाय रुतत नाही. रायमुनिया (बाकी महाराष्ट्राची घाणेरी, कुरणात माजणारं झुडूप) काढायला हीच वेळ. उन्हाळ्यात कुदळ मुरमावर नुसती आपटते. फळं काळी पडल्यावर काढायला गेलं, तर झुडूप ओढताना बी कुरणभर सांडतं.

हौशी मंडळी कोयत्याने बुडाशी छाटतात. जागा लगेच मोकळी दिसते, फोटोही छान येतो. पण छाटलेली रायमुनिया आणखी दाट येते, कारण नवे फुटवे खोड आणि मूळ जुळतं त्या गाठीतून निघतात. ती गाठ मातीच्या जरा खालीच असते. म्हणून आधी काठीने झुडूप हलवायचं (साप, गांधीलमाशा), खालच्या फांद्या छाटून बुड उघडं करायचं, माती सारायची आणि गाठीच्या खाली, जमिनीपासून साधारण ३ ते ५ सेंटिमीटर खोलीवर, मुख्य मूळ कुदळीच्या एका घावात तोडायचं. अख्खं मूळ खणून काढायचा हट्ट नको. उतारावर तेवढी माती पुढच्या सरीत वाहून जाते. निघालेलं झुडूप तिथेच उलटं, मुळं आभाळाकडे करून ठेवायचं. ओल्या मातीला टेकलेली फांदी पेरापेराला मुळं धरते. ढोरांच्या वाटेवर तर टाकूच नये. भुकेलं ढोर पाला खातं आणि त्याला कावीळ होते.

काम वरून खाली. पाण्याबरोबर बी खालीच येतं.

मोकळ्या जागेवर पहिला हक्क तरोटा आणि रानतुळस सांगतात. तरोट्याची कोवळी भाजी आपण आवडीने खातो. मोठा झाला की ढोरंही तोंड लावत नाहीत. दोन्ही वर्षायू, फुलाआधी मुळासकट हाताने उपटले की संपले. शेंगा धरल्यावर उपटणं म्हणजे पुढच्या वर्षाची पेरणी. जमिनीतलं जुनं बी उगवतच राहतं, त्यामुळे सलग दोन-तीन पावसाळे तरी हे करावं लागतं. सोबत गेल्या हिवाळ्यात गोळा केलेलं मारवेल, पवन्या या गवतांचं बी विस्कटायचं आणि गवताचं बी पडेपर्यंत चराईबंदी. ती ग्रामसभेत आधी ठरली नसेल, तर कुदळ उचलूच नये.

पुढच्या पावसाळ्यात पहिली फेरी मोहा-तेंदूच्या झाडांखाली. फळं खाऊन बुलबुल तिथेच बसतात आणि बी टाकतात. बोटभर रोपं दोन बोटांनी निघतात. त्या फेरीला माणसं मात्र फार कमी येतात.