आमची वाटचाल: उंट नसलेलं वाळवंट

धायरीच्या गाळ्यात आम्ही वाळवंटाची अमूर्त चित्रं करतो. "एखादा तरी उंट टाका, पटकन जाईल," असं सुरुवातीला प्रत्येकाने सांगितलं. नाही टाकला. वाळूची टेकडी वाऱ्याच्या बाजूने सावकाश चढते आणि आडोशाला साधारण 34 अंशांत एकदम उतरते. तो उतार नुसत्या रंगाच्या जाडीतून दिसला पाहिजे, यासाठी माझा सगळा खटाटोप.

अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग पसरायच्या बोथट सुरीने, काम करायचे. रोलर मी त्यांच्यामुळेच हातात घेतला, पण माझं खरं हत्यार म्हणजे गवंड्याची जुनी थापी. तिचा डावा कोपरा झिजलाय आणि वाळूवरची लहर त्याच कोपऱ्याने उठते. ती थापी मी कुणाला हात लावू देत नाही.

2012 साली एका हॉटेलची मोठी ऑर्डर आली. चार बाय सहा फुटांचे आठ कॅनव्हास, विषय कच्छचं रण. पावसाळ्यात रणात पाणी भरतं, हिवाळ्यात आटतं, वर मिठाचा पापुद्रा आणि खाली काळा चिखल राहतो. खरेपणा यावा म्हणून तिथलीच माती आणली, ॲक्रिलिक मीडियममध्ये कालवली आणि थापली. मार्चमध्ये चित्रं भिंतीवर चढली. जुलैत फोन आला, "मॅडम, चित्रांना घाम येतोय."

हवेतला दमटपणा 75 टक्क्यांवर गेला की मीठ पाणी ओढून विरघळायला लागतं. दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली आणि तेच मीठ पांढरं फुलून वर आलं. रंगाचे पोपडे सुटले. आठही चित्रं टेम्पोतून परत आली. पैसे परत करायला माझ्या पाटल्या गहाण पडल्या.

ही चूक माझीच होती. पण आमच्यासाठी ऑर्डरी आणणाऱ्या गृहस्थांनी पुढे जे केलं ते आजही गिळता येत नाही. "त्यांची चित्रं पाझरतात" हे त्यांनी गावभर केलं आणि आमच्याच चित्रांचे फोटो कॅनव्हासवर छापून, वरून पारदर्शक जेल फासून स्वस्तात विकले. घेणाऱ्यांनी एक करावं: टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाकावा. जेलचे उंचवटे एकीकडे आणि चित्रातल्या रेषा भलतीकडे दिसल्या, तर तो छापच.

नाशिकच्या डॉक्टरबाईंकडचं चित्रही त्याच मातीचं होतं. मी रडवेली होऊन बदलून देते म्हणाले. त्या म्हणाल्या, "घाई नको. माती धुवायला शिका, मग दुसरं करा." आणि दुसऱ्याचा पूर्ण चेक तिथेच लिहिला. त्याच पैशांत त्या वर्षीचं गाळ्याचं भाडं भागलं.

तेव्हापासून माती गोड्या पाण्याने धुतो. शेवटच्या धुण्याचं पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हात ठेवायचं. सुकल्यावर पांढरी कड उरली, तर पुन्हा धुवायचं. कधी सात, कधी अकरा पाणी लागतात. नव्या मुलांनी हे टाळू नये, आणि पश्चिमेच्या ओल्या भिंतीवर चित्र टांगताना मागे बुचाचे तुकडे लावावेत.

पुढची वर्षं बरी गेली, पाटल्याही सुटल्या. गेल्या जुलैत नाशिकला गेले, तेव्हा डॉक्टरबाईंकडचं दुसरं चित्र उतरवून मागून हात फिरवला. कापड कोरडं होतं.