जेसीबीच्या आधीचे चार तास

जूनचा दुसरा आठवडा. सकाळी सातला गावातून फोन आला: तळ्यातला गाळ आजच काढायचा ठरलाय, जेसीबी अकराला येईल. तळं मुरारपलीकडचं, भिंडच्या बाजूचं, जेमतेम एकरभर. ग्वाल्हेर परिसरातल्या आटणाऱ्या तळ्यांतल्या हिरव्या शेवाळांची आमची जी नोंद चालू आहे, तिच्यासाठी इथलं पाणी तीनदा घेऊन झालं होतं. कोरड्या तळाची माती तेवढी राहिली होती. यंत्राचा पहिलाच घास फूटभर खोल जातो आणि आम्हाला हवं ते, म्हणजे शेवाळांचे बीजासारखे टिकाऊ कण (बीजाणू), बहुतेक सगळं वरच्या चार बोटांत होतं.

इकडे पाऊस जूनअखेर येतो आणि सप्टेंबरात जातो. मार्चपासून पाणी तापत आणि उतरत जातं. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की अशा तळ्यात फक्त भेगाळलेली माती उरते. रेशमासारखा हाताला लागणारा स्पायरोगायरा, हे तंतूंचं हिरवं शेवाळ, या उन्हात जगत नाही, वाळून कागदासारखा होतो. पण त्याआधी, पाणी उतरू लागलं की शेजारचे दोन तंतू शिडीसारखे जोडले जातात. एका पेशीतला ऐवज दुसरीत उतरतो आणि जाड तपकिरी भिंतीचा युग्मबीजाणू तयार होतो. त्या भिंतीतलं द्रव्य परागकणांच्या कवचाइतकं चिवट असतं. ईडोगोनियम या दुसऱ्या तंतूशेवाळाचे अंडबीजाणू आणि क्लॅमिडोमोनास या एकपेशी शेवाळाचे युग्मबीजाणूही उन्हाळा असाच काढतात. म्हणून तिघऱ्यासारख्या मोठ्या जलाशयातून कितीही बाटल्या भरून आणल्या तरी या मुलखातली शेवाळं पुरती कळत नाहीत. त्यांचं मोठं कोठार लहान तळ्यांच्या धुळीत असतं.

गाडीत टाकलं ते इतकंच: दोन इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे फूटभर लांबीचे सहा तुकडे, एका टोकाला कानशीने धार लावलेले, हातोडा, लाकडी ठोकळा, पाइपात बसेल असा लाकडी दांडा, सुरी, ब्रश, स्पिरिट, कागदी पाकिटं आणि पेन्सिल. पीव्हीसी पाइप वाळलेल्या चिकणमातीत तिसऱ्या-चौथ्या घावाला तडकतो. पेनाची शाई ओल लागली की पसरते, म्हणून पेन्सिलच. आणि नाव दोनदा लिहायचं, पाकिटावर एकदा आणि आतल्या चिठ्ठीवर एकदा. प्लास्टिकची पिशवी टाळायची. मातीत किंचित ओल असली तरी पिशवी आतून घाम धरते आणि तीन दिवसांत बुरशी येते.

पाइप कुठे ठोकायचा यावर सगळं अवलंबून असतं. पहिला पाइप घाईत भेगेच्या कडेला ठोकला गेला. आमचे प्रयोगशाळा-सहायक नाना लगेच म्हणाले, "ताई, हा धरू नका. भेगेत वरची धूळ पडलेली असते." त्यांचं खरं होतं. तळाच्या भेगा वीतभर खोल जातात. वाऱ्याने वरचे बीजाणू त्यांत पडतात आणि मग २० सेंटिमीटर खालच्या मातीतही आजचाच स्पायरोगायरा सापडतो. तो नमुना टाकून दिला. पुढचे पाच मातीच्या फरशीच्या ऐन मध्यावर ठोकले: दोन पाणी शिरतं त्या उथळ बाजूला, दोन मध्ये, एक घाटाशी.

पाइप आत गेल्यावर ओढून काढायचा नाही, खालची माती निसटते. भोवतीने खणून, खालून फावडं घालून उचलायचा. मातीचा दंडगोल दांड्याने खालच्या तोंडाकडून ढकलून बाहेर काढायचा आणि बाहेरची अर्धा सेंटिमीटर जाडीची साल तासून फेकायची, कारण ठोकताना पाइपची भिंत वरची धूळ खाली खेचत नेते. मग थर कापायचे: ०–२, २–५, ५–१० आणि १०–२० सेंटिमीटर. कापणी खालून वर करायची आणि प्रत्येक कापाआधी सुरी स्पिरिटने पुसायची. वरून खाली कापलं की भरगच्च थरातले बीजाणू सुरीबरोबर रिकाम्या थरात जातात.

साडेदहाला नमुने हातात होते, पण नमुने घेऊन तळं वाचत नाही. गाळ काढायला आमचा विरोध नव्हता. गाळ शेतात जातो, तळ्यात पाणी जास्त दिवस राहतं, हे गावाच्या गरजेचं काम आहे. सरपंचांना आणि ठेकेदाराला दोनच गोष्टी मागितल्या. पाणी शिरतं त्या बाजूची तीन मीटर रुंदीची पट्टी खणू नका, आणि तिथला काठ भिंतीसारखा उभा कापू नका. एक फूट खोली गाठायला निदान चार फूट उतार द्या. नव्याने खणलेल्या खोल तळाशी गढूळ पाण्यातून उजेड पोचत नाही. बीजाणू तिथे असले तरी अंधारात पडून राहतात. उथळ पट्टीवर पाणी आधी येतं आणि उजेडही.

गाळ नेणारे शेतकरी विचारत होते, वरचा थर सगळाच बाजूला ठेवला तर? हिशेब करून दाखवला. ५ सेंटिमीटर जाडीने १०० चौरस मीटर खरवडले तर ५ घनमीटर माती निघते, म्हणजे सहा टनांच्या वर. तासाभरात ते जमणारं नव्हतं. म्हणून खणल्या जाणाऱ्या भागातून, वेगवेगळ्या ठिकाणचे एक मीटर लांबी-रुंदीचे बारा तुकडे घेतले. चार बोटं माती फावड्याने घमेल्यात आणि घमेल्यातून गोणपाटाच्या पोत्यांत. पंचवीसेक पोती झाली. ती पिंपळाखाली विटांवर, सावलीत रचली. पहिल्या पावसाआधी ती नव्या उथळ उतारावर बोटभर जाडीने पसरायची, असं ठरलं.

तिथेच एका वयस्कर गावकऱ्याने सांगितलं की त्यांच्या लहानपणी तळाशी खरखरीत, पांढरट गवत असायचं आणि पाणी इतकं नितळ की तळ दिसायचा. पुढे शिंगाड्याची लागवड सुरू झाली, खत आलं, आणि ते गवत गेलं. हे वर्णन काराचं, गवताचं नव्हे. काराही हिरव्या शेवाळांच्याच घराण्यातला, पण देठ, पेरं आणि फांद्यांची वलयं असलेला. कठीण पाण्यात त्याच्या अंगावर चुन्याचा थर बसतो. चुरडला की लसणासारखा वास येतो आणि लिंबू पिळलं तर फसफसतो. आमच्या तिन्ही पाण्यांत कारा नव्हता.

नमुने आठवडाभर सावलीत वाळवले. उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवून चालत नाही. मग कोणत्या थरात काय उगवतं ते पाहायला प्रत्येक थराची १० ग्रॅम माती पाच बशांत, बशीला २ ग्रॅम, आणि वर ऊर्ध्वपातित पाणी. नळाचं पाणी वापरायचं नाही, त्यातलं क्लोरीन कोवळ्या पेशींना मारतं. एलईडी नळ्यांखाली १२ तास उजेड, तापमान २५ अंशांच्या आसपास. शिवाय प्रत्येक थराबरोबर एका बशीत ऑटोक्लेव्ह केलेली, म्हणजे दाबाच्या वाफेत तापवून मारलेली माती. ती हिरवी झाली तर दोष हवेचा किंवा हाताचा. पहिल्या खेपेला नवव्या दिवशी दोन मृत बशा हिरव्या झाल्या. झाकणं सैल होती आणि कपाटावरच्या पंख्याने धूळ आत नेली होती. ती सगळी खेप रद्द केली. दुसऱ्या खेपेला झाकणांच्या कडा पॅराफिल्म या ताणल्या जाणाऱ्या मेणपट्टीने बंद केल्या.

या खेपेला ०–२ सेंटिमीटरच्या थरात पाचव्या दिवशी क्लॅमिडोमोनास पोहू लागला आणि दहाव्या-बाराव्या दिवशी तंतू दिसले. उथळ बाजूच्या नमुन्यात स्पायरोगायरा पाचही बशांत, ईडोगोनियम चारांत, कॉस्मेरियम हे एकपेशी शेवाळ तीनांत. २–५ मध्ये स्पायरोगायरा तीनांत. ५–१० मध्ये एका बशीत. त्याखाली काही नाही. स्पायरोगायराच्या जातीचं नाव मात्र लिहिलं नाही. नुसत्या तंतूवरून जात ठरत नाही, त्यासाठी पिकलेला युग्मबीजाणू आणि त्याच्या भिंतीवरची नक्षी लागते. घाईने दिलेलं नाव यादीत वर्षानुवर्षं चुकीचं राहतं आणि मग कोणती जात नाहीशी झाली हेही कळेनासं होतं.

ओली माती निथळू लागली की ढेकळांच्या कडेचे बारीक हिरवे झुपके आम्ही भिंगाखाली मुद्दाम पाहतो. शेवाळतज्ज्ञ एम. ओ. पी. अय्यंगारांनी १९३२ साली भारतातून प्रथम वर्णिलेली फ्रिट्शिएला ही शेवाळ अशाच आटत्या डबक्यांच्या गाळातली आहे. पाण्याच्या बाटलीत ती कधीच मिळाली नसती. या तळ्यात ती दिसली नाही.

सगळ्यांत खालचा, १०–२० सेंटिमीटरचा थर बशीत मेल्यासारखाच होता. तो चाळणीवर धुतला. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेलं पाव मिलिमीटरच्या चाळणीवर धरलं आणि चिमटीने वेचलं. काळे, चकचकीत, अंगावर मळसूत्रासारख्या कडा असलेले दाणे निघाले: काराचे अंडबीजाणू. गावकऱ्याने सांगितलेलं गवत त्याच तळ्यात होतं. दाबल्यावर फुटले नाहीत असे चाळीस निवडले. काचेच्या बरणीत तळाशी दोन बोटं वाफवलेली माती, वर बोटभर धुतलेली वाळू, तीत ते पेरले आणि पाणी भरलं.

त्या गाळाच्या पहिल्या गाड्या तोवर शेतांवर पोचल्या होत्या. त्यातले किती दाणे नांगरटीखाली गेले, मोजायला आता मार्ग नाही. पट्टी मात्र राहिली आहे आणि तिच्याखाली तोच थर आहे.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात तळं निम्मं भरलं. पोती पसरलेल्या उतारावर हिरवी झाक आली होती, नव्या खोल भागात पाणी चहासारखं गढूळ. पाण्यावर हिरवा पुंजका दिसताच कुणीतरी मोरचूद आणायचं बोललं. आम्ही विनवून थांबवलं. मोरचुदातलं तांबं शेवाळाला मारतं, मेलेला ढीग कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातो आणि पहाटे मासे वर येऊन तडफडतात. तांबं मात्र गाळात उरतं, पुढच्या वर्षीच्या बीजाणूंच्या शेजारी. त्याऐवजी घाटाच्या पायऱ्यांपुरता स्पायरोगायरा दाताळ्याने ओढून काढला. ओढलेला तिथेच काठावर वाळत ठेवला, त्यात बीजाणू असतील तर ते पाण्याबरोबर परत जावेत म्हणून.

बरणीत एकेचाळिसाव्या दिवशी वाळूतून दोन कोंब आले. केसाएवढे, पेरं असलेले. बाकी अडतीस दाणे अजून तसेच आहेत. बरणी हलवलेली नाही.