श्रीदेवी आणि तिच्या नावाआधीचे ‘महाराणी’

नवरात्रात पाटणादेवीला जाण्यापूर्वी आमच्या चाळीसगावच्या महिला मंडळात त्या परिसराच्या इतिहासावर थोडे बोलावे, असे ठरले आणि पत्रकाचा नमुना हाती आला, तेव्हा त्यावर ठळक अक्षरांत ‘महाराणी श्रीदेवी’ असे छापलेले होते. ती उपाधी काढा, असे मी सांगताच मंडळातील एका धाकट्या मैत्रिणीने विचारले, “ताई, राज्य चालवलं ना तिनं? मग महाराणी म्हटलं तर बिघडलं कुठं?”

प्रश्न रास्त आहे. पाटणादेवीजवळच्या पाटण गावातील महादेव मंदिरातला शके १०७५ चा, म्हणजे इसवी सन ११५३ चा शिलालेख निकुंभ कुळाची वंशावळ देतो. त्यातील इंद्रराज १६०० गावांच्या प्रदेशाचा अधिपती होता. त्याची पत्नी श्रीदेवी सगर कुळातील होती आणि त्याच्या पश्चात मुलगा गोवन सज्ञान होईपर्यंत तिनेच राज्यकारभार पाहिला. तिची कर्तबगारी नि:संशय आहे. पण उपाधी ही कर्तबगारीचे बक्षीस म्हणून आपण आठशे वर्षांनी वाटायची वस्तू नव्हे.

‘महाराणी’ हे रूप मुळात पुढच्या काळातील बोलभाषांचे आहे. जुन्या लेखांमध्ये महादेवी, अग्रमहिषी, राज्ञी असे शब्द येतात आणि त्यांना दरबारात ठरावीक स्थान असते. शिवाय निकुंभ हे यादवांचे मांडलिक घराणे. यादव राजा भिल्लमाने स्वतंत्र सत्ता स्थापून देवगिरीचे राज्य उभे केले, त्याला ११५३ मध्ये अजून तीन दशके अवकाश होता. तोवर यादव स्वतःच कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. अशा उतरंडीत पाटणच्या गढीवर ‘महाराणी’ बसवणे म्हणजे एका पायरीवरच्या माणसाला परस्पर वरच्या मजल्यावर नेऊन ठेवण्यासारखे आहे.

खरी गंमत तिच्या नावातच आहे. अमरकोशाच्या नाट्यवर्गात ‘देवी’ हा शब्द अभिषेक झालेल्या राणीसाठी सांगितला आहे आणि इतर राण्यांसाठी ‘भट्टिनी’. म्हणून ‘श्री’ हे नाव आणि ‘देवी’ ही उपाधी असे तोडायचे का? मलाही आधी हा मोह झाला होता. परंतु राजांच्या नावांना ‘देव’ आणि राजस्त्रियांच्या नावांना ‘देवी’ लावण्याची रीत इतकी सर्रास होती, की त्या एका प्रत्ययावरून अभिषेक सिद्ध करणे धाडसाचे ठरेल.

त्यापेक्षा तिचे माहेर सांगितले आहे, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. वाकाटक घराण्याची राणी प्रभावतीगुप्ता हिने पुण्याच्या ताम्रपटात स्वतःला युवराज दिवाकरसेनाची जननी म्हटले आहे आणि गोत्र मात्र माहेरचे, धारण, असे दिले आहे. पती नाही, मुलगा लहान, अशा वेळी स्त्रीच्या अधिकाराला हे दोन आधार असत: मातृत्व आणि माहेर. श्रीदेवीच्या ओळींतही तेच दोन आधार दिसतात. याउलट चालुक्यांची अक्कादेवी राजाची बहीण म्हणून प्रांत सांभाळत होती आणि तिला लेखांमध्ये ‘गुणद बेडंगि’, म्हणजे गुणांची सुंदरी, असे तिचे स्वतःचे बिरुदच लाभले आहे.

मागे मंदिराच्या ओट्यावर मी वहीतली टिपणे चाळत बसले असता फुले विकणाऱ्या आजींनी विचारले होते, “काय वाची ऱ्हायनी वं माय?” एका राणीचे नाव, असे मी म्हटले. त्यांना भास्कराचार्य ठाऊक होते. पाटणला येणाऱ्या सर्वांनाच ते ठाऊक असतात, कारण त्यांचा नातू चांगदेव याचा मठासंबंधीचा लेख याच ठिकाणचा. पण त्या मठाला देणगी देणारा सोईदेव हाही याच निकुंभ कुळातला. गोवनाचे बालपण सांभाळणारे कोणी नसते, तर हे घराणे तिथवर टिकले असते का, असे माझ्या मनात येते. अर्थात हा माझा तर्क.

शेवटी पत्रकासाठी मी ओळ लिहून दिली: ‘सगर कुळातील श्रीदेवी, पाटणच्या निकुंभ राज्याची कारभारीण’. छापखान्यातून निरोप आला की ओळ मावत नाही. अक्षर लहान करा, म्हटले.