थंडीतला गळ: बर्फाखालचा व्हाइटफिश आणि कृष्णेतला मृगळ

डिसेंबर लागला की माझ्या वायंडिंगच्या दुकानात जळकी मोटर घेऊन येणारा गिऱ्हाईक आधी मोटरचं बोलतच नाही. "दादा, मासा लागायचा बंद झालाय." मी विचारतो, किती वाजता गेलेला? उत्तर ठरलेलं, पहाटे. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, सांगलीच्या आयर्विन पुलावर धुकं, आणि हा घाटाच्या खाली गळ टाकून कुडकुडतोय. मासाही खाली कुडकुडत असणार, त्याचा विचार कुणी करत नाही.

माझा भाचा कॅनडात बॅरीला असतो, सिमको तळ्याच्या काठावर. हिवाळ्यात ते तळं गोठतं. लोक बर्फावर चालत जातात, ड्रिलसारख्या यंत्रानं भोक पाडतात आणि त्यातनं गळ सोडून व्हाइटफिश धरतात. रविवारी तो व्हिडिओ कॉल लावतो आणि मला चिडवतो, "मामा, तुमच्याकडं तर बर्फ पण नाही, मग मासा का लागंना?" त्याला म्हटलं, तुझा मासा वेगळा आणि माझा वेगळा. व्हाइटफिश थंड पाण्याचाच जीव, बर्फाखालीसुद्धा तो चरत फिरतो. आपले रोहू, कटला, मृगळ उबेचे. पाणी गार पडलं की त्यांचं पचन मंदावतं, हालचाल कमी होते, खाणं निम्म्यावर येतं. म्हणून त्याच्याकडं पहाटेला महत्त्व आणि आपल्याकडं दुपारला. डिसेंबर-जानेवारीत मी घरनं जेवूनच निघतो. अकरा ते चार, ऊन पाण्यावर असेपर्यंत. एवढा एक बदल केला तरी अर्धं काम झालं.

पण भाच्याची एक गोष्ट मात्र मी उचलली, ती तळाची. व्हाइटफिशचं तोंड बारकं आणि थोबाडाच्या खालच्या अंगाला असतं, तो तळातलं वेचून खातो. तिथले लोक चकचकीत छोटा चमचा (चमच्याच्या आकाराचं धातूचं आमिष) तळावर दोन-तीनदा आपटतात, गाळ उडवतात, मग इंच-दोन इंच वर उचलून गप्प धरतात. गाळ उडाला की काहीतरी खायला निघालं असं वाटून मासा येतो. आपला मृगळ अगदी ह्याच जातीचा खाणारा, तोंड खाली, गाळात वेचत जाणारा. सायप्रिनसही (कॉमन कार्प) तसाच, तो तर तोंड पुढं काढून चिखल उकरतो. म्हणून थंडीत मी कटल्याचा नाद सोडून देतो. तो वरच्या थरात चरणारा, त्याचं उन्हाळ्यात बघू.

जागा कुठली? पावसाळा संपून बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की मागं पाणी तुंबतं, धार मरते. अशा तुंबाऱ्यात जिथं शेतकऱ्यांचं जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची, मोटर बसवलेली विहीर) आहे, तिथं काठाजवळच खोली मिळते. कारण उघड आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं तरी मोटर उघडी पडू नये म्हणून जॅकवेल खोल पाण्यालगतच बांधतात. मोटरा बसवायला जाऊन जाऊन मला हरिपूरपासून डिग्रजपर्यंतच्या बऱ्याच जागा ठाऊक झाल्यात. त्या इथं लिहिणार नाही, एवढा मोठ्या मनाचा मी नाही. फक्त मोटर चालू असेल तर सक्शनच्या तोंडापासून लांब टाका, नाहीतर तंगूस (गळाची नायलॉन दोरी) फुटबॉलमध्ये, म्हणजे पाइपच्या तोंडाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये, अडकतं आणि वर शेतकऱ्याच्या शिव्या.

आता खरं काम. आधी तळ मोजायचा. गळाला एक नट अडकवून पाण्यात सोडा. तरंगा बुडून गेला तर पाणी जास्त खोल आहे, तरंगा वर सरकवा. आडवा पडला तर खाली घ्या. त्याचं टोक जेमतेम वर दिसायला लागलं की खोली सापडली. मग नट काढायचा आणि गळापासून चार बोटांवर ज्वारीच्या दाण्याएवढं शिसं दाबायचं. तरंगा थोडा वर सरकवून तंगूस हलकं ताणून धरायचं, म्हणजे शिसं तळावर टेकतं आणि तरंगा उभा राहतो. तरंगा मी वाळलेल्या धाटाचा करतो, वीतभर लांब, बोरूसारखा बारीक. बाजारातला गोल लाल-पांढरा तरंगा ह्या कामाला नालायक.

ह्यातली गंमत अशी की थंडीतला मृगळ आमिष ओढून नेत नाही. तो जागेवर तोंडात घेतो आणि डोकं वर करतो. डोकं वर केलं की शिसं तळावरनं उचललं जातं, आणि शिशाचं वजन गेलं की तरंगा बुडायच्या ऐवजी वर येतो. आधी जरा थरथरतो, मग बोटभर उंच होतो, मग हळूच आडवा होतो. जन्मभर तरंगा बुडायची वाट बघणारा माणूस म्हणतो, वाऱ्यानं पडला असेल, आणि मासा आमिष थुंकून निघून जातो. भाच्याकडंही हेच चालतं. तिथं छडीच्या टोकाला नाजूक स्प्रिंग लावतात, ती वजनानं वाकलेली असते. व्हाइटफिशनं खालनं उचललं की ती सरळ होते. सरळ झाली की मारायचं, म्हणजे छडीला झटका देऊन गळ रुतवायचा.

झटका मारायचा तो मनगटानं, खांद्यानं नाही. व्हाइटफिशचं तोंड नाजूक, हिसका दिला तर ओठ फाटून मासा जातो. मृगळाचाही ओठ पातळच.

गळ आठ नाहीतर दहा नंबरचा. नवीन पोरांसाठी सांगतो, नंबर वाढतो तसा गळ बारीक होतो. आमिषाला गांडुळाचा तुकडा, नाहीतर वाटाण्याएवढी कणीक, त्यात चिमूटभर हळद घातली तरी चालते, न घातली तरी चालते. चाऱ्याला शेंगदाण्याची पेंड आणि काळी माती सम प्रमाणात मळायची. मातीनं गोळा थेट तळाला जातो आणि तिथं फुटतो. एक मूठभर गोळा बास. पावसाळा संपताना टाकत होता तसा घमेलंभर चारा टाकला तर मासा चाऱ्यानंच पोट भरेल, गळाकडं बघणार नाही.

धोक्याचंही बोलू. तिकडं माणूस चालायला निदान चार इंच घट्ट, स्वच्छ बर्फ लागतो, आणि तळ्यात सगळीकडं जाडी सारखी नसते. आपल्याकडं बर्फ नाही, मगर आहे. औदुंबर, भिलवडी, डिग्रज, हरिपूर, ह्या पट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. थंडीत ती उन्हाला येऊन पडते, आणि ऊन म्हणजे नेमकी आपलीच वेळ, अकरा ते चार. मळईवर (काठाच्या गाळावर) काही ओढल्यासारखा पट्टा दिसला तर तिथं बसूच नका. पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, धरलेले मासे पिशवीत घालून काठाच्या पाण्यात बांधायचे नाहीत, आणि साफ करायचे ते घरी. पाण्याकडं पाठ करून मोबाईल बघणारे तर मला समजतच नाहीत.

खायचं म्हणाल तर भाचा व्हाइटफिश धुरावर भाजून खातो, तेलकट मासा आहे, धुराला चांगला लागतो म्हणे. मृगळाला बारीक काटे फार. बायको त्याला जवळजवळ चिरा पाडते, कांदा-लसूण चटणी आणि मीठ चोळून ठेवते आणि रव्यात घोळून खरपूस तळते, म्हणजे बारके काटे कुरकुरीत होऊन जातात. फेब्रुवारी सरत आला, पाणी उतरलं आणि नदीला साखर कारखान्याच्या मळीचा वास यायला लागला, की मात्र मी गळ गुंडाळतो. तेव्हा मासा पाण्यावर तोंड काढून श्वास घेताना दिसतो आणि हातानंही धरता येतो. तो धरायचा नाही आणि खायचा तर अजिबात नाही.