सीनाकाठच्या मक्यासाठी रायफल: माझा अनुभव

आमची शेती मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठाला. ऊस, मका आणि वरच्या पट्टीत ज्वारी. मका दाण्यावर आला की उसात दडलेली रानडुकरं रात्री बाहेर पडतात. खातात थोडं, लोळवतात जास्त. वनखात्याचा पंचनामा होतो, भरपाईही मिळते, पण जनावरांची वैरण आणि वर्षाचं गणित त्यातून भागत नाही. शेवटी घरात बोलणं झालं आणि रायफल घ्यायची ठरली.

कुठली, यावर मात्र बरेच दिवस एकमत होईना. चुलतभाऊ फौजेतून निवृत्त झालेला, त्याचा जीव मॅग्नमवर. “आण्णा, घ्यायचीच तर लांब मारणारी घ्या,” असा त्याचा आग्रह. मॅग्नम म्हणजे काडतुसाची नळी मोठी, दारू जास्त, गोळीचा वेग आणि मारा दोन्ही जास्त. १९१२ ची .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम आणि १९६३ ची .३०० विंचेस्टर मॅग्नम ही त्यातली दोन मोठी नावं. नावातला आकडा म्हणजे साधारण गोळीची जाडी, इंचात. शंभर मीटरवर नेम बसवलेली .३०० मॅग्नम दोनशे मीटरवर चार बोटं खाली मारते. देशी .३१५ रायफलची जड, बोथट गोळी त्याच अंतरावर वीतभराहून जास्त खाली जाते. अमेरिकेत डोंगराच्या एका उतारावरून समोरच्या उतारावरचं एल्क, म्हणजे तिथलं मोठं हरीण, टिपायचं असेल, तर हा फरक फार मोठा. तिथे अशा रायफली मध्यमवर्गीयाला परवडतातही. दुकानात चार मॉडेलं हाताळायची आणि एक निवडायची.

आपल्याकडे तसं नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. सवलत आहे ती नामांकित नेमबाजांना. त्यामुळे देशात मॅग्नम आहेत त्या जुन्या, कुणाच्या तरी आजोबांच्या परवान्यावरून पुढे आलेल्या. विकायला निघाली की किंमत ऐकून माणूस गप्प बसतो. अशी एक .३७५ मी पाहिली. अक्रोडाचा दस्ता, नळी आरशासारखी. हातात घेतल्यावर सोडवत नव्हती, हे खरं. पण काडतुसं? विक्रेत्याने हात वर केले. मिळाली तर मिळाली, आणि मिळतील त्या भावाने. सरावाला दहा गोळ्या उडवायला ज्याचा हात कचरतो त्याने ती रायफल रात्रीच्या वेळी जनावरावर रोखू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जखमी होऊन उसात शिरलेलं डुक्कर सकाळी पाणी धरायला जाणाऱ्या माणसाच्या अंगावर येतं.

सोलापुरातल्या एका जुन्या शस्त्रविक्रेत्याने माझा घोळ मिटवला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मालक, गोळी किती लांब मारायची ते नंतर बघू. चुकली तर कुठं जाईल, ते सांगा.” आमच्या भागात डोंगर नाही. माळ सपाट, आणि त्यावर दर अर्ध्या किलोमीटरला एखादी वस्ती. रायफलची गोळी दोन-तीन किलोमीटर सहज जाते. मॅग्नमचं तर विचारूच नका. .३१५ ची गोळीही काही जवळ पडत नाही, म्हणून रायफल कुठलीही असली तरी वरून खाली मारायची, म्हणजे चुकलेली गोळी मातीत शिरते. ज्वारी राखायला आपण माळा, म्हणजे मचाण, घालतोच. मी मक्याच्या बांधावर लोखंडी अँगलचा उंच माळा करून घेतला. तिथून माझं अंतर साठ-सत्तर मीटरच्या पुढे जात नाही. एवढ्या अंतराला मॅग्नमचं काय काम? बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीचाही विचार केला होता, पण तिची खात्री चाळीस मीटरच्या आसपास संपते.

.३०-०६ आणि .३१५, दोन्ही आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या. मी .३१५ घेतली. ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलच्या धाटणीची बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीला दांडा हाताने मागेपुढे करायचा, पाच गोळ्यांचं मॅगझिन, २४४ ग्रेनची (सुमारे सोळा ग्रॅमची) मऊ नाकाची गोळी. दिसायला साधी आहे, लाकूडकामही ओबडधोबड. पण काडतुसं देशात बनतात, मिळतात, आणि माझ्या खिशाला सोसतात.

आता परवान्याचं. शस्त्राचा प्रकार अर्जातच लिहावा लागतो, म्हणून निवड आधी पक्की करा. सोलापूर शहरात राहणाऱ्याने पोलीस आयुक्तालयात जायचं, आमच्यासारख्या खेड्यातल्याने जिल्हाधिकारी कार्यालयात. ऑनलाइन अर्ज, सातबारा, ओळखपत्रं, डॉक्टरांचं शारीरिक-मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. मग पोलीस ठाण्याची चौकशी. हवालदार वस्तीवर आले, शेजाऱ्यांना विचारलं, हत्याराचं कपाट कुठे ठेवणार ते पाहिलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी नाव घेऊन उल्लेख आहे तो ठासणीच्या बंदुकीचा. रायफल मागायची तर सबळ कारण दाखवावं लागतं. मी मागच्या हंगामांचे सगळे पंचनामे अर्जाला जोडले आणि त्यांचाच उपयोग झाला.

खरा वेळ गेला तो माळढोकापायी. नान्नजचं माळढोक अभयारण्य म्हणजे एकसंध जंगल नव्हे. त्याचे तुकडे उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा असे विखुरलेत. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्रपरवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. आमची वस्ती त्या अंतरात येते. फाइल वनखात्याकडे गेली आणि महिने लोटले. गावातले लोक वैतागले, पण मला ही अट पटते. ज्या माळावर काळवीट दिवसाउजेडी चरतं आणि माळढोक आता क्वचितच दिसतो, तिथे कुणाच्या हातात रायफल जाते हे सरकारने दोनदा तपासलंच पाहिजे.

परवाना हातात आला म्हणजे डुक्कर मारायची मुभा मिळाली, असं समजू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला बंदी आहे. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठी वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते. राज्य सरकारने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत तसा निर्णय काढला होता. माझ्या परवानगीपत्रावर गट नंबर आणि मुदत लिहिलेली होती. पडलेलं डुक्कर सरकारची मालमत्ता. त्याच पहाटे वनरक्षकाला फोन केला, त्यांनी येऊन पंचनामा केला आणि विल्हेवाट लावली. मांसाला हात लावायचा नाही. काळवीट पिकात शिरलं तर रायफल खाली ठेवायची आणि डबा वाजवायचा. तो वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेला प्राणी आहे.

परवान्याची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांची झाली आहे, आणि एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. काडतुसांची मर्यादा परवान्यावर लिहिलेली असते. विकत घेतलेल्या आणि उडवलेल्या प्रत्येक गोळीची नोंद मी एका वहीत ठेवतो. रायफल एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या, आणि किल्ल्या माझ्याकडे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की ठाण्यातून शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. जमा करताना पावतीवर रायफलचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथेच उभं राहून वाचा, आणि परत घेताना नळीला गंज धरलाय का ते उजेडात बघून मगच सही करा.