खानापुरातली आजची बैठक
आत्ताच घरी आलोय, झोप येईना म्हणून लिहितोय. आज खानापुरात सगळ्या समाजाचे पंच, मौलाना, चर्चचे फादर, मठाचे स्वामीजी एकाच सतरंजीवर बसले, विषय एकच, आपल्या सिद्दी लोकांना रंगावरून मिळणारी वागणूक. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आणलेल्या माणसांची ही लेकरं, इथल्याच मातीतली, २०२० ला बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तरी बसमध्ये शेजारी कोण बसत नाही. कॉलेजातली एक पोरगी बोलली, "काका, लोक इंग्लिशमध्ये विचारतात कुठल्या देशाची, मी मराठीत सांगते खानापूरची, तरी हसतात, न विचारता केसाला हात लावून बघतात." बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. आमच्या गल्लीतले एक पंच मान खाली घालून म्हणाले, आमच्या घरातली पोरंबी चिडवतात की, आणि आम्ही गप्प ऐकतो. फार लागलं मला ते, मीही गप्प बसलोय. १९२५ ला बाबासाहेब आपल्याच जिल्ह्यात निपाणीला बहिष्कृतांच्या परिषदेला आले होते, शंभर वर्षं झाली, तरी आपण तिथंच!

पुढची बैठक सिद्दींच्या वाडीवर, येत्या रविवारी. डबा कुणी न्यायचा नाही, तिथंच त्यांच्या पंगतीला बसून जेवायचं ठरलंय.